जुन्या नावेचा व्यवहार आणि पंचायतीची नोंदवही

आमच्या विदर्भातील शेतकरी बैलजोडी घेताना दात पाहतो, खुरावरून हात फिरवतो, जोडी जुंपून चार पावले चालवून पाहतो, आणि एवढे झाल्यावरही बाजार समितीची पावती आपल्या नावाने झाल्यावाचून कासरा हाती धरीत नाही. परंतु हाच व्यवहारदक्ष मनुष्य, अथवा त्याचा शेजारी, वैनगंगेच्या किंवा एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी जुनी नाव विकत घेतो, तेव्हा मात्र विकणाराचा शब्द आणि ताज्या डांबराची चकाकी एवढ्यावर विसंबून पैसे मोजतो, ही विसंगती मला दीर्घकाळ बोचत आलेली आहे. बैल वाईट निघाला तर एका घराचे नुकसान होते. नाव वाईट निघाली तर त्या व्यवहाराशी ज्यांचा कसलाही संबंध नव्हता अशांचे प्राण संकटात येतात.

हा विषय नागपूरकरांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली, आणि पुढे पाणी अडू लागल्यावर भंडारा जिल्ह्यात व आमच्या कुही तालुक्यात नदीचे पात्र सागरासारखे विस्तारले. आंभोऱ्यास, जेथे वैनगंगा आणि कन्हान यांचा संगम आहे, २०२४ साली पूल खुला झाल्याने उतारूंची मोठी सोय झाली. तथापि जाळे टाकणाऱ्या ढीवर कुटुंबास नावेवाचून गत्यंतर नाही, आणि नवी नाव घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसल्यामुळे जुनी नाव या हातातून त्या हातात जातच राहणार. जुनी नाव घेणे हा काही अविचार नव्हे. ती न पारखता घेणे हा अविचार आहे.

लाकडी डोंग्याची परीक्षा नुसती काठावर पुरी होत नाही, हे प्रथम ध्यानी धरले पाहिजे. उन्हाळाभर उलटा पडलेला डोंगा सुकतो, फळ्यांच्या सांधी उघडतात, आणि पाण्यात उतरवताच तो प्रथम पाझरतो. लाकूड फुगले की तोच पाझर आपोआप थांबतो. म्हणून पहिल्या घटकेचे पाणी पाहून चांगली नाव नाकारणे जितके चूक, तितकेच ‘थोडे झिरपते, बसेल हळूहळू’ या आश्वासनावर सडकी नाव पत्करणेही चूक. आंभोऱ्याच्या काठी एका वयोवृद्ध ढीवर गृहस्थाने घाईला आलेल्या गिऱ्हाइकास सांगितलेले शब्द मला या बाबतीत शास्त्रवचनाइतके प्रमाण वाटतात: “भाऊ, नाव रातभर पान्यात राहू द्या, मंग पैशाचं बोलू.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तळाशी साचलेले पाणी उपसून काढले, वाळूची पोती भरून नाव पुन्हा लोटली आणि मग कोरड्या फडक्याने एकेक सांध पुसून ओल पुन्हा कोठून येते ते बोटाने दाखविले. दाभणाचे टोक तळफळीत, खिळ्यांच्या भोवती आणि आडव्या लाकडांच्या बुडाशी दाबून पाहावे; निरोगी लाकूड प्रतिकार करते, कुजलेले लाकूड टोक निमूटपणे आत घेते. एरवी जुन्या असलेल्या नावेवर एकाच ठिकाणी नवे डांबर वा नवा रंग दिसला, तर तेथेच अधिक खोल तपास करावा आणि विकणाराने तो करू न दिल्यास सौदा तेथेच सोडावा.

फायबरच्या नावेला ठोकून ऐकावे लागते. जेथे आवाज एकाएकी बद्द येतो किंवा पायाखालचा भाग दबतो, तेथे आतले थर सुटलेले अथवा पाणी प्याललेले असण्याचा संभव असतो. लोखंडी नावेत जोडकामाजवळचा गंज पाहावा. यंत्र असल्यास ते थंड स्थितीत आपल्यासमक्ष सुरू करवून घ्यावे (आगाऊ तापवून ठेवलेले यंत्र सुरू होण्यातील दोष लपविते), गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजावे, आणि यंत्रावरील क्रमांक मूळ बिलाशी ताडून पाहावा.

ही शेवटची रुजवात क्षुल्लक नव्हे. मालविक्री अधिनियम, १९३० याचे सामान्य तत्त्व असे की, विकणारा जर मालक नसेल तर घेणाराला त्याच्याहून अधिक चांगला हक्क प्राप्त होत नाही. आणि मालाच्या गुणवत्तेची अध्याहृत हमी जी कायदा देतो, ती मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याविरुद्ध असते, एकदा आपली नाव विकून मोकळ्या होणाऱ्या खासगी गृहस्थाविरुद्ध नव्हे. अशा व्यवहाराची तक्रार सामान्यतः ग्राहक आयोगाकडेही चालत नाही. दोष जाणूनबुजून लपविणे हे करार अधिनियम, १८७२ अन्वये कपट ठरते खरे, परंतु ते शाबीत करण्याचा भार घेणारावर येतो. यास्तव विकणारा तोंडाने जे जे सांगतो, म्हणजे नाव केव्हाची, दुरुस्ती कोठे केली, किती माणसे वाहते, कर्जाचा बोजा आहे की नाही, ते सर्व विक्रीपावतीवर दोन साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे. नाव शासकीय अनुदानातून मिळालेली असल्यास मंजुरीपत्रात हस्तांतरणाविषयी कोणती अट आहे, हेही इसार देण्यापूर्वी पाहावे.

परंतु सारा भार एकट्या गरीब खरेदीदारावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. अंतर्देशीय जलयानांविषयीचा १९१७चा जुना कायदा मूलतः वाफेच्या जहाजांसाठी होता. वल्ह्याने चालणाऱ्या नावा त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ याने मात्र यंत्रविरहित नावांचीही जिल्हा, तालुका, पंचायत वा गाव पातळीवर नोंद करण्याचा मार्ग खुला केला आहे. २०१७ साली नागपूरजवळच्या वेणा जलाशयात आणि २०२१ साली वरूडनजीक वर्धा नदीत नावा उलटून जी मनुष्यहानी झाली, ती जुन्या नावेच्या व्यवहारामुळे झाली असे मी म्हणत नाही; परंतु अमुक नावेत किती माणसे बसावीत, हे ठरवून तिच्या अंगावर ठळक रंगविण्यास आपल्या गावी कोण अधिकारी आहे, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला गेला पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. जलाशयाकाठच्या ग्रामपंचायतींनी मच्छीमार सहकारी संस्थांच्या साह्याने नावांची नोंदवही ठेवावी. तीत मालकाचे नाव, लांबीरुंदी, बांधणीचे साल, भारक्षमता, मोठ्या दुरुस्त्या व बोजा यांचे रकाने असावेत, आणि विक्री झाली की फेरफाराप्रमाणे नवे नाव चढवून खरेदीदारास दाखला द्यावा. तपासणीस संस्थेतील जाणता कारागीर बोलवावा व त्याला पंचायतीने मेहनताना द्यावा. या कामास वैशाखाचा महिना सर्वांत सोयीचा, कारण त्या वेळी पाणी उतरलेले असते, पुष्कळशा नावा काठावर उलट्या घातलेल्या असतात आणि तळ दाभणाच्या आवाक्यात असतो. पहिला पाऊस पडून त्या पुन्हा पाण्यात गेल्या, की हीच तपासणी वर्षभर लांबते.