निवृत्तीच्या पुंजीवर दरोडा

केंद्रीय अन्वेषण विभागाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली व तिच्या सभोवतालचा प्रदेश, पुणे, नांदेड, कोल्हापूर, चंडीगड, बंगलोर इत्यादी शहरांतील साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या आणि सुमारे २४ कोटी रुपये किमतीचे आभासी चलन हस्तगत केले. ‘गेनबिटकॉइन’ या नावाने २०१५ साली सुरू झालेल्या योजनेचा हा तपास होता. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे, या योजनेच्या चालकांनी लोकांकडून गोळा केलेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ च्या भावाने ६,६०० कोटी रुपयांच्या घरात जाते. संचालनालयाने काही मालमत्तांवर टाचही आणली आहे. तरीही जे गेले आणि जे हाती लागले त्यांतील तफावत इतकी प्रचंड आहे की, या प्रकरणाकडे केवळ पोलिसी बातमी म्हणून पाहणे कष्टकरी जनतेला परवडणारे नाही.

प्रकरणाचा प्रवासही पुरेसा बोलका आहे. प्रमुख आरोपी अमित भारद्वाज हा दिल्लीचा. त्याला एप्रिल २०१८ मध्ये अटक केली ती पुणे पोलिसांनी. पुढे त्याला जामीन मिळाला आणि खटला पूर्ण होण्यापूर्वीच, जानेवारी २०२२ मध्ये, तो मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे पोलिसांना, तपासात साहाय्य करण्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच अटक करावी लागली. त्यांतील एक माजी पोलीस अधिकारी होता. तपासाधीन आभासी चलन त्यांनी परस्पर वळविले, असा त्यांच्यावर आरोप आहे. देशभर विखुरलेले गुन्हे एकत्र करून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. योजना सुरू होऊन तोवर आठ वर्षे लोटली होती.

दरमहा दहा टक्क्यांचे गणित

आमिष काय होते? गुंतवणूकदाराने बिटकॉइन आणून द्यावे. ‘मायनिंग’च्या, म्हणजे नवे बिटकॉइन निर्माण करण्याच्या, व्यवसायातून त्याला अठरा महिने दरमहा दहा टक्के मिळतील. म्हणजे शंभराचे एकशेऐंशी. आरंभी काहींना पैसे मिळालेही. जुन्यांना देण्यासाठी नव्यांकडून घ्यावयाचे, ही या धंद्याची जुनीच रीत आहे. नव्यांचा ओघ आटताच चालकांनी बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचे स्वतःचेच नाणे लोकांच्या माथी मारले. त्याचे बाजारातील मोल अत्यल्प होते.

यंत्र नवे, पण कावा जुनाच. १९७८ साली संसदेने बक्षीस चिट व पैशाच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. १९८० साली कलकत्त्यात ‘संचयिता’ कोसळली आणि १९९९ साली महाराष्ट्राला ठेवीदारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. प्रत्येक वेळी नाव बदलले. गणित मात्र तेच राहिले आणि ते कोणत्याही शाळकरी मुलाला तपासून पाहता येईल. एकाने दहा माणसे आणावयाची, त्या प्रत्येकाने पुन्हा दहा, असे धरले तर नवव्या पायरीवर शंभर कोटी माणसे लागतात आणि दहाव्या पायरीवर पृथ्वीवरील लोकसंख्याही अपुरी पडते. ‘रोज फक्त एक टक्का’ हे आश्वासन ऐकावयास किती साधे वाटते! परंतु तो एक टक्का चक्रवाढीने वाढत गेला तर एका लाखाचे वर्षाअखेर सदतीस लाखांहून अधिक होतात. जगातील कोणताही प्रामाणिक व्यवसाय असा नफा वर्षानुवर्षे देत नाही. ज्याला तो खरोखर मिळत असेल, तो अनोळखी माणसाला मोबाईलवर निरोप धाडून भागीदार कशाला करून घेईल?

आजचा ठग तर सभाही घेत नाही. व्हॉट्सॲप वा टेलिग्रामवरील एखाद्या गटात तो न विचारता आपले नाव घालतो. तेथे शेकडो ‘सभासद’ आपापल्या नफ्याचे आकडे मिरवीत असतात. त्यांतील बहुतेक ठगाचेच हस्तक. मग एक बनावट ॲप उतरवून घ्यावयास सांगितले जाते. त्याच्या पडद्यावर गुंतविलेली रक्कम दिवसेंदिवस फुगत जाते. पहिल्यांदा हजार-दोन हजार रुपये काढूनही दिले जातात. विश्वास बसावा म्हणून केलेला तो खर्च असतो. पुढे मोठी रक्कम काढावयास गेले की ‘आधी कर भरा’, ‘आधी अनामत भरा’ अशी मागणी सुरू होते. पडद्यावरचा आकडा हा केवळ आकडाच असतो. पैसे केव्हाच दुसऱ्याच्या खात्यातून परदेशी पोहोचलेले असतात.

पडद्यावरचा ताबा

दुसरा दरोडा याहून थेट आहे. ‘बँकेतून बोलतो, तुमचे केवायसी संपले’, ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘तुमचे पैसे परत करावयाचे आहेत’ असा फोन येतो. बोलणारा मदतीच्या नावाखाली एनीडेस्क वा तत्सम ॲप घ्यावयास लावतो आणि पडद्यावर उमटलेला आकडा विचारतो. तो आकडा सांगून परवानगी दिली की आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसू लागतो. मग तो ‘फक्त दहा रुपये भरून पाहा’ म्हणतो. आपण बोटांनी टाईप केलेला गुप्त क्रमांक आणि बँकेकडून आलेला ओटीपी हे दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर असतात. रिझर्व्ह बँकेने या पद्धतीविषयी फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ही ॲप मुळात गुन्हेगारी नाहीत. कार्यालयांत दूरचा संगणक दुरुस्त करण्यासाठी ती रोज वापरली जातात. म्हणूनच मोबाईल ती सहजासहजी अडवीत नाही. कुलूप उत्तम असले तरी किल्ली आपणच देतो.

या धंद्याची एक मोठी पेठ राजधानीच्या सभोवतीच उभी राहिली आहे. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने गुरुग्रामच्या सायबर सिटीतील एका केंद्रावर धाड घालून ४३ जणांना अटक केली. परदेशी नागरिकांच्या संगणकांवर खोट्या सूचना झळकवून त्यांना घातक सॉफ्टवेअर उतरवून घ्यावयास लावणे, हे तेथील काम असल्याचा आरोप आहे. महाराष्ट्रालाही हे नवे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या अशाच केंद्रांवर धाडी घातल्या, तेव्हा सत्तर जणांना अटक झाली आणि शेकडो तरुण कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. अमेरिकेतील करखात्याच्या नावाने धमकावणे हे त्या रात्रपाळीचे काम होते. पदवी घेऊनही नोकरी न मिळालेला तरुण अशा केंद्रात पगारी ठग बनतो. त्याहून भीषण म्हणजे, परदेशी नोकरीच्या आशेने गेलेले भारतीय तरुण म्यानमारच्या सीमेवरील कोंडवाड्यांत याच कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी त्यांतील ५४९ जणांना मायदेशी आणावे लागले. लुटला जाणारा आणि लुटावयास लावला जाणारा, दोघेही पुष्कळदा एकाच थरातून येतात. यामुळे गुन्हा क्षम्य ठरत नाही. परंतु रात्रपाळीचे तरुण गजाआड आणि सूत्रधार परदेशात मोकळे, अशी न्यायाची वाटणी झाली तर धंदा बंद पडणार नाही, हे निश्चित.

लोक का अडकतात?

‘लोभाला बळी पडले’ असे म्हणून सुशिक्षित समाज मोकळा होतो. हा निवाडा सोयीचा आहे, सत्य नव्हे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरले आणि पुढील दहा वर्षांत त्यात एका रुपयाचीही वाढ झाली नाही. भविष्यनिर्वाह निधीवरील व्याज २०२१-२२ साली ८.१ टक्के, म्हणजे चार दशकांतील नीचांकावर, आणले गेले. तीस-पस्तीस वर्षे यंत्रावर उभे राहिलेल्या कामगाराच्या हाती निवृत्तीच्या दिवशी आयुष्यात प्रथमच काही लाख रुपये एकरकमी येतात. त्या रकमेत मुलीचे लग्न, आजारपण, घराची डागडुजी आणि उरलेले सारे आयुष्य बसवावयाचे असते. ती पुरणार नाही, हे त्याला ठाऊक असते. ठग बोट ठेवतो ते या भीतीवर.

दुसरे कारण एकाकीपण. बँकेची खिडकी मोबाईलमध्ये गेली. समोर बसणारा, तोंडओळखीचा कारकून गेला. शंका विचारावयाची तर कोणाला? मग माणूस शोधयंत्रावर बँकेचा दूरध्वनी शोधतो आणि तेथे ठगानेच पेरून ठेवलेला क्रमांक त्याला सापडतो.

कर घेणारे शासन

शासनाचे धोरण काय आहे? रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर सर्वंकष कायदा होणे अगत्याचे होते. प्रत्यक्षात आधी आला तो कर! एप्रिल २०२२ पासून या उत्पन्नावर ३० टक्के कर आणि जुलैपासून व्यवहारावर एक टक्का कपात सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये हे व्यवहार पैशाच्या अफरातफरीविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले. यातून तिजोरीचे हित पाहिले गेले आणि काळ्या पैशाचा माग काढण्याची सोय झाली. गुंतवणूकदाराचे संरक्षण मात्र राहूनच गेले. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. आभासी नाण्याला असा कोणताही आधार नाही. भोळ्या माणसाला मात्र वाटते की, ज्यावर सरकार कर घेते ते सरकारमान्यच असणार. ठग नेमके हेच सांगत फिरतो.

गृहखात्याने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत २०२३ साली ७,४६५ कोटी आणि २०२४ साली २२,८४५ कोटी रुपये गेले. एका वर्षात तिपटीहून अधिक! एवढ्या वेगाने वाढणारी लूट केवळ ‘सावध राहा’ अशा जाहिरातींनी रोखता येणार नाही. आभासी मालमत्तेवर उत्तरदायी नियंत्रक नेमणारा कायदा; ठगांच्या जाहिराती पैसे घेऊन छापणाऱ्या समाजमाध्यम कंपन्यांवर दायित्व; वृद्ध खातेदाराच्या खात्यातून अनोळखी खात्यात प्रथमच मोठी रक्कम जात असेल तर बँकेने ती काही तास रोखून विचारणा करण्याचे बंधन; आणि शाखांत पुरेसा कर्मचारीवर्ग, या मागण्या कामगार संघटनांनी आता आपल्या सनदेत घेतल्या पाहिजेत.

काय करावयाचे?

कायदा होईपर्यंत हात बांधून बसता येणार नाही. पुढील गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः आत्मसात कराव्यात आणि वस्तीत समजावून सांगाव्यात.

फोनवरील कोणाच्याही सांगण्यावरून कोणतेही ॲप घेऊ नये, आलेली फाईल उघडू नये, आपला पडदा दाखवू नये. बँकेला आपला मोबाईल पाहण्याची कधीही गरज नसते. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक द्यावा लागत नाही. तो मागितला गेला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे ओळखावे. बँकेचा दूरध्वनी पासबुकावरून वा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. निश्चित नफ्याची हमी देणाऱ्याला तेथेच थांबवावे. आपले बँक खाते भाड्याने वा ओळखीखातर कोणालाही वापरावयास देऊ नये. लुटीचा पैसा त्यातून फिरला तर पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात.

घात झालाच तर वेळ दवडू नये. मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते व कार्ड गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ठगाने लावलेले ॲप काढून टाकावे आणि सर्व परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. रुपये एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असेतो ते अडविता येतात. एकदा त्यांचे आभासी चलन होऊन परदेशी गेले की ते व्यवहार उलटविण्याचा अधिकार कोणत्याही बँकेला नसतो. म्हणून पहिला तास मोलाचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे तत्त्व घालून दिले की, खातेदाराने कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावयाचे, आणि खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच. तेव्हा तक्रारीचा क्रमांक व वेळ लेखी घेणे हे अत्यावश्यक आहे. ‘गेलेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा पुढील माणूस हा बहुधा त्याच टोळीचा दुसरा ठग असतो, हेही विसरू नये.

या सर्वांआड येते ती लाज. फसलेला माणूस बायकोला सांगत नाही, मुलांना सांगत नाही, पोलिसांकडे जात नाही. पहिला तास निघून जातो, मग दिवस जातात. ठगाला याहून मोठे अभय कोणते? ही लाज मोडण्याचे काम संघटनेचे आहे. प्रत्येक संघटनेच्या कचेरीत आणि वस्तीत एक तरी साथी असा असावा की, पैसे पाठविण्यापूर्वी ज्याला निःसंकोच विचारता येईल आणि पैसे गेल्यावर जो उपदेश न करता सोबत ठाण्यात येईल. निवृत्त होणाऱ्या कामगाराच्या सत्कारसभेत हार-तुऱ्यांबरोबर ही माहितीही दिली जावी. एकटा गाठून लुटणे ही ठगाची युक्ती आहे. घाम गाळून जमविलेल्या पुंजीचे रक्षण करावयाचे तर माणसाला एकटे पडू न देणे, हा पहिला उपाय होय.