दुःखाला टाळ्या नकोत

आमच्या कारधा-भंडारा भागातल्या कविसंमेलनांना एक वाईट खोड लागली आहे. कवी माइकपाशी पोहोचण्याआधीच सूत्रसंचालक त्याच्या घरचे मरण जाहीर करतो. सभागृह हळहळते, आणि मग जे काही वाचले जाईल त्याला टाळ्या पडतात. मला या टाळ्यांची चीड येते. त्यात गेलेल्या माणसाचाही अपमान आहे आणि कवितेचाही.

शोक झाला म्हणजे कविता झाली, हे धादांत खोटे आहे. वैनगंगेला पूर आला की कारध्याच्या पुलापाशी पातळी मोजतात. पाणी किती चढले ते आकडा सांगतो. कोणाच्या घरातून काय गेले, ते सांगत नाही. ते सांगायला शब्द लागतात, आणि शब्द कमवावे लागतात.

आत्मकथनाच्या कवितेचे मूळ अमेरिकेत शोधणाऱ्यांनी आधी शिऊरच्या संत बहिणाबाई (1628–1700) वाचाव्यात. भक्तीपायी त्यांनी नवऱ्याचा मार खाल्ला आणि तो अभंगांत सांगितला. पण कीव मागितली नाही. नवऱ्याचा राग, स्वतःचे डगमगणे, पत्नीधर्म आणि विठ्ठल यांतली ओढाताण, सगळे त्यांनी तपासून मांडले. मरण समोर असताना विठोबा नावाच्या आपल्या मुलाला मागचे बारा जन्म सांगितले. रडगाणे गायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. मरणाच्या जाणिवेने कवीला काही मिळतेच, तर ही शिस्त.

आपण मात्र मरणच चघळतो. अमेरिकन कवयित्री सिल्व्हिया प्लाथने 1963मध्ये आत्महत्या केली. तिचा ‘एरियल’ हा कवितासंग्रह 1965मध्ये आला. तेव्हापासून तिच्या ओळींआधी तिचा मृत्यू वाचला जातो. नागपूरचे कवी ग्रेस 2012मध्ये कर्करोगाने गेले. त्यांचा ‘संध्याकाळच्या कविता’ हा संग्रह 1967पासून आपल्या हातात आहे, तरी त्यांच्या कवितेतल्या आईविषयी कुजबुज करण्यातच कित्येकांची रसिकता संपली. त्या कवितेची लय कान देऊन किती जणांनी ऐकली?

आयोजकांनो, कवीचा दुखवटा वाचून दाखवणे बंद करा. त्याचे नाव सांगा आणि बाजूला व्हा. तरुण कवींनो, जखम दाखवून दाद मागू नका. तुमच्या दुःखाला आम्ही हात जोडू, सांत्वनाला घरी येऊ. पण मंचावर तुम्ही कविता ठेवता, आणि ती कच्ची असेल तर आम्ही तिला कच्चीच म्हणू.