भुतं आधी धुऊन घ्या

आपल्या मिशिगनमधल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत हॅलोवीनच्या सजावटीचा विषय निघाला आणि दोन मतं पुढे आली. दिवाळीच्या तोंडावर भुताखेतांचं हे प्रकरण मंडळाने हाती घेऊच नये, हे एक. आणि घ्यायचंच असेल, तर हवा भरून उभी राहणारी चार भुतं दुकानातून आणावीत आणि मोकळं व्हावं, हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिल्याबद्दल फार लिहीत नाही. आपली मुलं ३१ ऑक्टोबरला शेजारच्या दारांवर जाणारच. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी त्याच तारखेला आली. आमच्याकडे पहाटे उटणं लागलं, संध्याकाळी मुलं चॉकलेटं गोळा करायला गेली, आणि दोन्ही सण आनंदाने पार पडले.

दुसऱ्या मताशी मात्र माझं भांडण आहे. विकतच्या भुताच्या पोटात दिवा असतो, तो लागला की भूत उजळतं. त्यात मुलांनी शोधावं असं काही उरत नाही. घरी केलेलं भूत ब्लॅकलाइटखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, उजळतं तेव्हा दिवा बाहेर असतो आणि प्रकाश कापडातून आल्यासारखा दिसतो. तो कापडात कुठून आला, हा प्रश्न सात वर्षांचं मूलही विचारतं. त्याचं उत्तर आपल्या घरातल्या मोरीत आहे, आणि ते देऊ शकणारी माणसं दर उन्हाळ्यात भारतातून आपल्याकडे राहायला येतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गॅरेजमध्ये नव्याकोऱ्या चीजक्लॉथची भुतं टांगली आणि दिवा लावला. भुतं मळकट जांभळी दिसत राहिली. खाली उभ्या असलेल्या मुलांचे पायमोजे मात्र निळेशार पांढरे झगमगत होते. सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी कापडाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं, कोरं आहे हे. पाण्यात तरी घातलंस का एकदा? आधी धुऊन घे."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मांजरपाट असो की चीजक्लॉथ, न धुतलेल्या, न उजळवलेल्या सुतात ब्लॅकलाइटला प्रतिसाद देणारं फारसं काही नसतं. चमकतात ते धुण्याच्या पावडरीतले उजळक. ते अतिनील किरण शोषून घेतात आणि तीच ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतात. आपल्या आधीच्या पिढीला हे द्रव्य टिनोपाल, रानीपाल या नावांनी ठाऊक आहे. नीळ वेगळी. नीळ पिवळटपणावर निळी छटा चढवून तो झाकते. कापड पांढरं भासतं, पण प्रकाशात भर पडत नाही. म्हणून नुसती नीळ दिलेलं धोतर ब्लॅकलाइटखाली निपचित राहतं आणि रानीपालमधून काढलेलं उजळून निघतं. सासूबाईंनी हे दोन्ही आयुष्यभर हाताळलं होतं. त्या रात्री त्यांनी नातवाला दोन रुमाल शेजारी-शेजारी धरून दाखवले. तो फरक मी पदार्थविज्ञान शिकूनही इतक्या स्वच्छपणे कधी पाहिला नव्हता.

कृती सोपी आहे. कापड सुतीच घ्या, कारण पावडरीतले हे उजळक सुतावर चांगले बसतात, पॉलिएस्टरवर नाही. ते आधी धुऊन घ्या; धुताना लहान बाळांसाठी म्हणून मिळणारे, रंग-वास नसलेले साबण टाळा, त्यांत बहुधा उजळक नसतात. मग खळ करा. कॉर्नस्टार्चची चालेल, तांदळाची पेज असेल तर उत्तमच. त्या खळीत चमचाभर धुण्याचं द्रव घाला. उंच बाटलीच्या तोंडावर फुगा बसवून त्यावर ओलं कापड सोडा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी फुगा फोडला की भूत आपल्या पायांवर उभं राहतं. कडक खळीची नऊवारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही.

एक चूक हमखास होते: चेहरा अधिक पांढरा दिसावा म्हणून पांढरा रंग फासला जातो. बहुतेक पांढऱ्या रंगांत टायटॅनियम डायॉक्साइड असतं आणि ते अतिनील किरण गिळून टाकतं. दिवसा जो भाग सगळ्यांत शुभ्र, तोच रात्री काळवंडतो. डोळ्यांच्या खाचा काढायला मात्र हाच रंग उपयोगी पडतो!

भुताच्या पायाशी टॉनिक वॉटरची काचेची बरणी ठेवा. त्यातलं क्विनीन आकाशी उजळतं. याच क्विनीनच्या द्रावणावर जॉर्ज स्टोक्सने काम केलं आणि १८५२ मध्ये या गुणधर्माला फ्लुओरेसन्स हे नाव मिळालं. शेजारी दुसऱ्या बरणीत रबिंग अल्कोहोलमध्ये चिमूटभर हळद भिजवून ठेवा, ती पिवळी-हिरवी उजळेल. सांगलीच्या हळदीच्या बाजारात ज्यांचं बालपण गेलं, त्यांनीही तिचा हा रंग कधी पाहिलेला नसतो. बरणीचं झाकण घट्ट हवं आणि जवळपास पणती नको.

पैसे खर्चायचेच असतील तर दिव्यावर खर्चा. स्वस्त एलईडी बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. त्यांचा स्वतःचा जांभळा उजेडच इतका असतो की भूत त्यात बुडून जातं. ३६५ नॅनोमीटरचा दिवा डोळ्यांना जेमतेम दिसतो, त्यामुळे कापडच पुढे येतं. दिसत नाही म्हणूनच त्याच्याकडे रोखून पाहू नये. तो मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत न ठेवता वर, भुताकडे तोंड करून बांधावा. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे यूव्हीसी दिवे यासाठी कधीही वापरू नयेत. ते डोळे आणि कातडी भाजतात.

आपल्या मिशिगनमध्ये त्या दिवशी सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सातच्या आत हा खेळ रंगत नाही. दारावरचा दिवा लावलेला असणं ही मुलांना "या" म्हणण्याची खूण. तो विझवू नका, भुतं त्याच्यापासून दूर, घराच्या अंधाऱ्या कडेला उभी करा.

माझी मागणी एवढीच आहे. मंडळाने चार प्लॅस्टिकच्या भुतांऐवजी ३६५चे दोन चांगले दिवे घ्यावेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी घरातली जुनी सुती धोतरं, पंचे, चादरी घेऊन यावं आणि सोबत आजी-आजोबांनाही आणावं. दिवे बंद करून मुलांच्या हाती एकेक कापड द्यावं. कोणतं उजळेल याचा अंदाज त्यांनी आधी सांगावा आणि मगच ब्लॅकलाइट लावावा.