धामापूरचा तलाव आणि टिफरॅक

धामापूरचा तलाव १५३० सालचा. तो अजून शेतीला पाणी देतो. २०२० साली त्याला जागतिक सिंचन-वारशाचा मान मिळाला. पण उपयोग संपला की वारसाही संपला, आणि जुना संगणक म्हणजे भंगार, हा न्याय मला मान्य नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूने घडवलेला टिफरॅक १९६० साली कार्यान्वित झाला: सुमारे २७०० निर्वात नळ्या, स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची. असे यंत्र नुसते काचेआड ठेवणे म्हणजे मुखपृष्ठ जपून पुस्तक रद्दीत घालणे. ते दुरुस्त करून पुन्हा चालवू पाहणारा संग्राहक पाठचिकित्साच करत असतो. मग हस्तलिखितातील खाडाखोड जपणारे आपण त्याच्या दुरुस्तीच्या वह्या आणि चालकांच्या आठवणी (विजेवर चालते म्हणून?) असाहित्यिक का ठरवतो?