विश्लेषण : अणुचाचणीबंदी करार अडला कुठे? आणि भूकंपग्रस्त धाराशिवला त्याचे काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपाची तीव्रता सहापेक्षा थोडी अधिक होती. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाने डोंगराखाली अणुबॉम्ब फोडला, तेव्हाही जगभरच्या यंत्रांवर जवळपास तेवढाच आकडा उमटला. आकडा सारखा असला, तरी एक निसर्गाचा कोप होता आणि दुसरी माणसाची करणी. हा फरक हजारो किलोमीटरवरून ओळखणारी यंत्रणा ज्या करारातून उभी राहिली, तो सर्वंकष अणुचाचणीबंदी करार (सीटीबीटी) मात्र १९९६ पासून अमलात येण्याची वाट पाहतो आहे. त्यात भारताचाही वाटा आहे.

करार काय सांगतो?

लष्करी असो वा ‘शांततामय’, जमिनीवर, पाण्यात, हवेत किंवा भूगर्भात कोणताही अणुस्फोट करायचा नाही, हे या कराराचे सार. १९६३ च्या आंशिक बंदी करारात भूगर्भातील चाचण्यांना मोकळीक होती. भारत त्या करारात सामील आहे आणि १९७४ चा पोखरणचा स्फोट भूगर्भात झाल्याने त्याचा भंग झाला नाही. ही पळवाट बुजवण्यासाठी नवा करार २४ सप्टेंबर १९९६ रोजी सह्यांसाठी खुला झाला. १९४५ पासून तोवर जगात दोन हजारांहून अधिक चाचण्या झाल्या होत्या. त्यानंतर भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरिया वगळता कोणीही जाहीरपणे चाचणी केलेली नाही. अमलात नसलेल्या कराराचाही एवढा धाक राहिला.

मग घोडे कुठे अडले?

सही म्हणजे साखरपुडा आणि अनुसमर्थन म्हणजे लग्न, असे समजावे. १८७ देशांनी सही केली, १७८ देशांनी अनुसमर्थनही केले. पण एवढी मोठी संख्या पुरेशी नाही. करारातील चौदाव्या कलमानुसार अणुभट्ट्या असलेल्या ४४ देशांची नावानिशी यादी आहे आणि त्या प्रत्येकाचे अनुसमर्थन सक्तीचे आहे. त्यांपैकी अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्त यांनी सही करूनही पुढचे पाऊल टाकलेले नाही. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने सहीच केलेली नाही. रशियाने २००० मध्ये केलेले अनुसमर्थन नोव्हेंबर २०२३ मध्ये मागे घेतले. अमेरिकी सिनेटने ऑक्टोबर १९९९ मध्ये ४८ विरुद्ध ५१ मतांनी करार फेटाळला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पुन्हा चाचण्या सुरू करण्याची भाषा केली. प्रत्यक्ष स्फोट होणार नाहीत, असा खुलासा त्यांच्याच ऊर्जामंत्र्यांना करावा लागला. एकाने स्फोट केला की दुसरे थांबणार नाहीत, ही खरी धास्ती आहे.

भारताचा आक्षेप काय?

चाचण्या थांबवा, अशी हाक जगात आधी देणाऱ्यांत पंडित नेहरू होते. २ एप्रिल १९५४ रोजी त्यांनी ती संसदेत दिली. त्याच भारताने १९९६ मध्ये जिनिव्हात कराराच्या मसुद्याला विरोध केला. ज्यांच्याकडे शस्त्रसाठा आहे त्यांनी तो ठराविक मुदतीत नष्ट करण्याची हमी नाही, प्रयोगशाळेत स्फोटाविना चाचण्या करण्याची सोय बड्यांना राहते आणि भारताचे नाव त्याच्या संमतीशिवाय ४४ च्या यादीत घातले गेले, असे हे आक्षेप होते. भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी ते ठामपणे मांडले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५८ विरुद्ध ३ मतांनी करार संमत झाला. विरोधात भारतासोबत भूतान आणि लिबिया होते.

११ आणि १३ मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर वाजपेयी सरकारने पुढील चाचण्यांवर स्वेच्छेने स्थगिती जाहीर केली. २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाची सवलत मिळवतानाही तिचा पुनरुच्चार झाला. म्हणजे भारत चाचणी करत नाही, पण तसे बांधून घ्यायलाही तयार नाही.

स्फोट आणि भूकंप वेगळे कसे ओळखतात?

स्फोट खडकाला एकाच वेळी सर्व दिशांनी बाहेर ढकलतो. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, त्यामुळे काही ठिकाणी पहिला धक्का ढकलणारा, तर काही ठिकाणी ओढणारा नोंदला जातो. स्फोटात आधी पोहोचणाऱ्या दाबाच्या लहरी ठळक आणि मागून येणाऱ्या आडव्या लहरी तुलनेने क्षीण असतात, भूकंपात या आडव्या लहरी जोरकस असतात. किल्लारीत खडक खडकावर चढला होता आणि नंतर कित्येक दिवस लहान धक्के बसत राहिले. ही भूकंपाची सही होती.

गफलत होऊ शकते. ऑगस्ट १९९७ मध्ये रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांजवळ हादरा नोंदला गेला आणि रशियाने गुपचूप चाचणी केल्याचा संशय अमेरिकेत व्यक्त झाला. नोंदी नीट तपासल्यावर तो चाचणीस्थळापासून शंभरहून अधिक किलोमीटर दूर, समुद्राखाली झालेला भूकंप ठरला. दोन अण्वस्त्रसज्ज देशांत अशा गैरसमजाची किंमत काय असू शकते, हे वेगळे सांगायला नको. करारासाठी ३३७ केंद्रे व प्रयोगशाळांचे जाळे आखले गेले. त्यांतील १७० केंद्रे भूकंपलहरींची आहेत, बाकीची समुद्रातील ध्वनी, हवेतील अतिमंद ध्वनी आणि किरणोत्सर्गी कण टिपतात. बहुतेक केंद्रे सुरू झाली आहेत. उत्तर कोरियाच्या सहाही चाचण्या या जाळ्याने पकडल्या. मात्र १३ मे १९९८ चे भारताचे दोन छोटे स्फोट परदेशी केंद्रांना टिपता आले नव्हते, ही या शास्त्राची मर्यादाही मान्य करायला हवी.

महाराष्ट्राचा संबंध कसा?

परक्या देशांच्या चाचण्या ओळखण्यासाठी अमेरिकेने १९६० च्या दशकात जगभर एकाच प्रकारची भूकंपमापके बसवली. त्यांतील एक पुण्यात होते. बॉम्ब शोधायला आलेल्या त्या जाळ्यानेच भूकंपशास्त्राला नवे डोळे दिले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६५ पासून कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भूकंपमापकांचा समूह चालवला, तोही इतरांचे अणुस्फोट टिपण्यासाठी. पोखरणच्या ‘हायड्रोजन बॉम्ब’च्या ताकदीवरून २००९ मध्ये वाद पेटला, तेव्हा चाचण्यांच्या वेळी भाभा केंद्राचे संचालक असलेले अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष या नात्याने दाव्याच्या बचावाला उभे राहिले. त्या वादातही दोन्ही बाजूंना भूकंपलहरींच्या नोंदींचा आधार घ्यावा लागला.

बाहेर राहून धाराशिवचे काय जाते?

आधी एक गोष्ट स्पष्ट हवी. हे जाळे भूकंपाचे भाकीत करत नाही आणि १९९३ मध्ये ते असते तरी सास्तूर, माकणी किंवा किल्लारीचे प्राण वाचले असते, असे म्हणणे दिशाभूल ठरेल. माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. पण १९९२ च्या ऑगस्टपासूनच या भागात लहान धक्के जाणवत होते. त्यांचा अर्थ लावण्याइतके दाट भूकंपमापक जाळे जवळपास नव्हते, ते उभे राहिले मोठ्या आपत्तीनंतर. स्थिर मानल्या गेलेल्या दख्खनच्या पठाराने शिकवलेला धडा हा की नोंदी आधीपासून आणि सलग असाव्या लागतात.

कराराच्या जाळ्यातील माहिती सही केलेल्या देशांना मिळते, अनेक देशांच्या त्सुनामी इशारा केंद्रांनाही पोहोचवली जाते. भारतात या जाळ्याचे एकही केंद्र नाही. आपल्याकडे स्वतःची केंद्रे आणि इतर खुली जागतिक माहिती आहे, त्यामुळे आपण आंधळे नाही. तरीही एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या नोंदी त्या जाळ्यात नसणे हे आपले आणि जगाचेही नुकसान आहे.

आता काय व्हावे?

अमेरिका, चीन आणि रशिया हात आखडून बसले असताना भारतानेच आधी बांधून घ्यावे, हा आग्रह रास्त नाही. १९९६ चे आक्षेप आजही पोकळ झालेले नाहीत. पण सही आणि शास्त्र यांची गाठ एकच आहे, असे मानण्याचेही कारण नाही. सही न करता निरीक्षक म्हणून बैठकांना बसणे आणि आपल्या काही केंद्रांच्या नोंदींच्या बदल्यात जाळ्याची माहिती मागणे, यात सार्वभौमत्व गमावण्यासारखे काही नाही. असे करार मान्य करण्याचा अधिकार आपल्याकडे केंद्र सरकारचा आहे, संसदेचे मतदान लागत नाही. म्हणूनच संसदेत निदान चर्चा व्हायला हवी. जवळपास तीन दशके पाळलेली स्थगिती आपल्या जबाबदारीचा पुरावा आहे, तर तो बोलण्याच्या मेजावर मांडायला संकोच कसला? जमिनीखालचा हादरा सीमा पाहून थांबत नाही, हे लोहारा आणि उमरग्याच्या गावांइतके कोणाला ठाऊक? त्या हादऱ्याची नोंद तरी सीमेवर अडू नये.