जरा बारीक झाले ना, की मग फोटो काढते

आमच्या वयाच्या लोकांत हे वाक्य सध्या फार ऐकू येतं. मुलगे 'बारीक झाले'च्या ऐवजी 'शेपमध्ये आलो' म्हणतात, बाकी सगळं तेच. जिमची वर्षाची फी भरून झालेली असते, डेटिंगचं ॲप मोबाइलवर उतरवून झालेलं असतं, आणि प्रोफाइलवर मात्र २०१९ सालचा गोव्याचा फोटो. तोही मानेपासून वरचा. कारण मानेच्या खाली जे होतं ते तेव्हाही पसंत नव्हतं!

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की आत्ता जो देह आहे तो बीटा व्हर्जन, खरं रिलीज पुढे आहे. आता ठरलेलं रिलीज ठरलेल्या तारखेला कितीदा येतं, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तरी सांगायला नको. तोवर काय, माणसानं भेटायचं नाही कुणाला?

हे काही ॲपवाल्यांनी शिकवलेलं नाही. पत्रिकेबरोबर जाणारा तो पोस्टकार्ड साइझ फोटो आठवा. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, नेसवून दिलेली साडी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि फोटोग्राफरनं ब्रशनं उजळवलेला चेहरा. बरोबर मजकूर, 'गोरी, सडपातळ'. तेवढी गोरी नसेल तर 'निमगोरी', त्याच्याही खाली 'गव्हाळ'. रंगाच्या दुकानातलं शेडकार्डच! शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगाचा फिल्टर २०२० च्या जूनपर्यंत होता. एका ऑनलाइन याचिकेनंतर तो काढला. त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीच्या नावातला 'फेअर'ही गेला. नावं गेली, नजर आहे तिथेच आहे. आता तर स्टुडिओत जायचेही कष्ट नकोत. फोनचा ब्यूटी मोड बसल्याजागी गाल गुळगुळीत करतो आणि रंग दोन शेड वर नेतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "अरे, सगळेच करतात." खरं आहे. २००८ साली न्यूयॉर्कमधल्या ८० ऑनलाइन डेटिंगवाल्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना बोलावून त्यांची उंची मोजली, वजन केलं, वय तपासलं आणि ते प्रोफाइलशी ताडून पाहिलं. ८१ टक्के लोकांनी तिन्हीतलं निदान एक तरी खोटं लिहिलं होतं. पुरुष उंची वाढवतात, बायका वजन कमी करतात. (आपल्याकडचे पाच फूट सात इंचाचे समस्त पाच-नऊ बंधू इथे आठवले.) पण त्यात एक गंमत होती. बहुतेकांच्या थापा लहान होत्या. कारण उघड आहे, पुढे प्रत्यक्ष भेट असते. डेमोत काहीही चालवून दाखवता येतं हो, प्रॉडक्शनला तेच आडवं होतं.

माझ्या एका मैत्रिणीचं झालेलं सांगतो. अंगानं भरलेली, रंगानं सावळी, बोलायला एकदम भारी. मावशीच्या आग्रहानं तिनं 'नीट केलेले' फोटो टाकले होते. एकाशी तीन आठवडे छान गप्पा झाल्या. मग ती खराडीहून बाणेरला, म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं, शुक्रवारच्या ट्रॅफिकमध्ये गेली. तो आला, बसला, म्हणाला, "फोटोत वेगळी दिसतेस." कॉफी अर्धी ठेवून वीस मिनिटांत उठला. आता तो उद्धट होताच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण तिला जे लागलं ते वेगळंच होतं. ती म्हणाली, "तीन आठवडे तो जिच्याशी बोलत होता तिचा मलाच हेवा वाटत होता."

हे एडिट केलेल्या फोटोचं खरं बिल. समोरच्याची फसवणूक वगैरे नंतर. आधी आपणच आपल्या फोटोसमोर कमी पडायला लागतो.

नंतर तिनं राजगडावरचा पूर्ण उंचीचा फोटो टाकला. घामेजलेली, हसताना डोळे मिटलेले, पोट जिथे आहे तिथे. मॅचेस निम्म्यावर आल्या. उगाच गोड सांगत नाही, खरंच निम्म्यावर आल्या. पण जे उरले ते सगळे बघून आलेले होते.

आकडा कमी झाला की आपण घाबरतो, कारण आपल्याला सगळ्यांना थोडं थोडं आवडायचं असतं. ओकेक्युपिड या अमेरिकन साइटचा एक संस्थापक ख्रिश्चन रडर, शिक्षणानं गणितवाला, यानं २०११ साली साइटवरची आकडेवारी मांडली होती. सरासरी गुण सारखेच असलेल्या बायकांत, जिच्याबद्दल पुरुषांचं मत टोकाचं दुभंगलेलं, म्हणजे काहींना मुळीच पसंत नाही आणि काहींना प्रचंड पसंत, तिला जास्त निरोप येत होते. 'बरी आहे की' असं सगळ्यांचं मत असलेलीला कमी. अमेरिकेतल्या एका साइटचा आकडा आहे, जसाच्या तसा बाणेरला लावू नका. पण एडिट करून आपण नेमकं काय करतो ते बघा. जे कुणाला नावडेल ते सगळं घासून काढतो आणि स्वतःला 'बरी आहे की'मध्ये नेऊन बसवतो.

बरं, फोटो निवडायचा कुणी? आपण स्वतः तर अजिबात नाही. १९७७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मुलींना स्वतःचा सरळ फोटो आणि आरशातल्यासारखा उलटा फोटो दाखवला. त्यांना बहुतेक करून उलटा आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. आपण रोज आरशातला चेहरा बघतो, जग दुसराच बघतं. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना स्वतःच्या १२ फोटोंतून डेटिंगसाठी वगैरे फोटो निवडायला लावले, आणि तसेच अनोळखी लोकांनाही. तिसऱ्याच माणसांना दाखवल्यावर अनोळखी लोकांची निवड सरस ठरली. आणि ते 'माझं नाक किती मोठंय' म्हणून रडणं तर सोडाच. २०१८ च्या एका अभ्यासातल्या हिशेबानुसार १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून तो फरक जवळजवळ उरत नाही. च्यायला, दोष हाताच्या लांबीचा आणि शिव्या नाकाला!

"पण आरोग्याचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. शुगर, गुडघे, पाठ, यासाठी वजन उतरवायचं असेल तर जरूर उतरवा, तो तुमचा आणि डॉक्टरांचा मामला. त्याला फोटोच्या दारात पहारेकरी म्हणून कशाला उभं करता? एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. फोटोचा गैरवापर होईल या भीतीनं मुली चेहरा लपवतात, त्यांना कुणी हिमतीचे धडे देऊ नयेत, मी तर नाहीच.

असो. आज शनिवार आहे, ऊन बरं पडलंय. कुणाला तरी फोन हातात द्या, पाच-सहा फूट लांब उभं करा, ब्यूटी मोड बंद. त्यातला एक तरी डोक्यापासून पायापर्यंतचा असू द्या. मग निवडायला ऑफिसातल्या दोघांना द्या, फार जवळच्या नसलेल्या. आईला देऊ नका. आईला तो पोस्टकार्ड साइझवालाच आवडणार.