हरलेली यंत्रे आणि आतली अक्षरे

बाजारात हरलेल्या यंत्रांच्या कथा बहुधा विनोदाच्या सुरात सांगितल्या जातात. सोनीची बेटामॅक्स ही त्यांतली सर्वांत परिचित. ती १९७५ साली आली; पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणली. चित्राचा दर्जा बेटामॅक्सचा सरस मानला जाई, पण तिच्या आरंभीच्या फितीवर एकच तास मावे, व्हीएचएसवर दोन. १९८८ मध्ये खुद्द सोनीनेच व्हीएचएस यंत्रे बाजारात आणली. कथा सहसा येथे संपवली जाते. वास्तविक बेटामॅक्सच्या फितींची विक्री सोनीने थांबवली ती मार्च २०१६ मध्ये, आणि फुनाई या जपानी कंपनीने व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन बंद केले ते त्याच वर्षीच्या जुलैत. जेता आणि पराजित, दोघेही एकाच वर्षी गेले.

म्हणूनच कोण हरले, हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. हरणाऱ्याच्या पोटात काय होते, आणि ते बाहेर काढण्याची किल्ली कोणाकडे होती, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात ब्रिटनमधले एक उदाहरण फार बोलके आहे. विल्यम राजाच्या आज्ञेने १०८६ साली इंग्लंडमधील जमीनजुमल्याची मोजदाद झाली आणि ती चर्मपत्रांवर लॅटिनमध्ये लिहिली गेली. हेच ‘डूम्सडे बुक’. त्याला नऊशे वर्षे झाल्यानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये नवे डूम्सडे सिद्ध केले. देशभरच्या शाळांतील मुलांनी आपापल्या परिसराची पाहणी केली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हातभार लागला. सुमारे दीड लाख पाने मजकूर आणि वीस हजारांवर छायाचित्रे गोळा झाली. एखाद्या गावातले दुकान, मुलांचे खेळ, घरातले जेवण असा इतिहासकार ज्यासाठी तळमळतात तो सारा ऐवज त्यात होता.

हा ऐवज साठवला गेला लेझरडिस्कच्या एका खास प्रकारावर. ती वाचण्यासाठी विशिष्ट संगणक आणि फिलिप्सचे विशिष्ट यंत्र लागे. संचाची किंमत सुमारे ५,००० पौंड. ज्या शाळांतील मुलांनी लिहिले, त्यांतल्या अनेक शाळांना तो घेणे परवडले नाही. तबकडीचा तो प्रकार रुजला नाही, यंत्रे मोडीत निघाली, आणि अवघ्या पंधरा वर्षांत हा मजकूर वाचणे दुर्घट झाले. १०८६ चे चर्मपत्र मात्र वाचता येतच होते. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनी जुन्या संगणकाची नक्कल करणारी प्रणाली घडवून तो पुन्हा वाचून दाखवला. २०११ मध्ये बीबीसीने त्यातला बराच भाग संकेतस्थळावर आणला. तेही २०१८ मध्ये बंद झाले, आणि त्याची प्रत आता ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे.

कोणी म्हणेल, काळाच्या ओघात टिकण्याजोगे ते टिकते. आम्हांला हा युक्तिवाद मान्य नाही. येथे निवड मजकुराची झालीच नाही. निवड झाली ती यंत्राची, आणि त्याच्याबरोबर निरपराध मजकूर बुडू लागला.

मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत जपले. बाहेरच्यांना ते शतकानुशतके बंद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांना त्या लिपीचा उलगडा झाला आणि प्राचीन मराठी गद्याचे दालन खुले झाले. हाही कुलूपबंद मजकूरच होता. फरक इतकाच, की त्याची किल्ली पंथाच्या माणसांकडे होती आणि ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या नकलून काढीत होती. तबकडीची किल्ली यंत्रात होती, आणि यंत्र बाजाराच्या हवाली होते.

हे दूरदेशीचे दुःख नव्हे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरी पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकित होत राहिला, आणि प्रत्येकाची अक्षरमांडणी वेगळी. तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक खच उमटतो. पीडीएफ केली असेल तर अक्षरे दिसतात, पण शोधू जाता सापडत नाहीत. त्या काळातले प्रबंध, स्मरणिका, नियतकालिकांचे अंक महाविद्यालयांच्या कपाटांतील सीडींवर आणि फ्लॉपींवर पडून आहेत. फ्लॉपी वाचणारे यंत्र आता शोधावे लागते.

आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्याकडील जुन्या फायलींची यादी करावी, त्या युनिकोडमध्ये उतरवाव्यात आणि परिवर्तनात मोडलेली जोडाक्षरे मुळाशी ताडून सुधारावीत. नवा प्रबंध स्वीकारताना पीडीएफबरोबर साधी युनिकोड प्रतही मागावी. हे काम एकदा करून संपणारे नाही. दर काही वर्षांनी नव्या साधनावर प्रत काढावीच लागेल. त्यासाठी मोठा निधी नको, पण ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असले पाहिजे. जुने फाँट ज्यांच्या संगणकांवर अद्याप आहेत, ते जाणकार आपल्यात आहेत तोवरच ही यादी सुरू व्हायला हवी.